आधी धूर दिसतो

अंथुर्णे
२ डिसेंबर २०२४

ज्ञानेश भाऊजी,

अक्षर ओळखून पत्र तसंच फाडून टाकू नका. तुमची खुशाली विचारायला लिहीत नाही, माफ करायलाही लिहीत नाही. तुमचा जुना नंबर लागत नाही. राजकोटच्या वर्कशॉपचा पत्ता आत्याबाईंनी, तुमच्या आईनंच दिला. तो त्यांच्याकडं इतकी वर्षं होता हे मला आज कळलं.

रायफल घरी आली.

केस अपघाताची ठरून मिटली होती, पण मुद्देमाल कोर्टातच पडून होता. तो घेऊन जा असा कागद आला. आबासाहेब म्हणाले, "मीच जानार." डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतो, तरी धोतर नेसून तयार. कोऱ्हाळ्याहून विजयसिंह काकांना बोलावलं. ते गाडी घेऊन आले, दोघं गेले आणि दुपारी रायफल घेऊन परत आले. पोत्यात गुंडाळलेली, चापाला दोरा आणि लाखेचं सील. आबांनी ती देव्हाऱ्याच्या खोलीत भिंतीला उभी केली. आत्याबाई त्या खोलीत जायच्या बंद झाल्यात. देवपूजा आता मी करते.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी एकदा लिहून काढते, कारण या घरात ते कुणी सलग बोललेलंच नाही. दसऱ्याचा आदला दिवस. शस्त्रं पुजून झाल्यावर तुम्ही सगळे कालव्यापलीकडच्या आपल्या माळावर गेलात. पणजोबांच्या वेळची ती ठासणीची रायफल, काळी दारू भरून मारायची. तिची मागची पट्टी मोडली होती. जितकं लांब मारायचं तितकी वर सरकवायची ती पट्टी तुम्ही बारामतीत कारखान्यात कामाला असताना पितळेची नवी घडवून आणलीत, तिच्यावर रेघा मारल्यात. तोवर आबा तीनशे यार्डांवरूनच मारायचे. त्या दिवशी पहिल्यांदा सहाशेवरून मारायचं ठरलं. पट्टी तुम्ही लावली. चाप आबांनी ओढला. चुना फासलेल्या दगडापुढच्या खड्ड्यात तुमचा भाऊ, माझा सूरज होता, गोळी लागली की पांढरं फडकं हलवून दाखवायला.

धूर विरला तरी फडकं हाललं नाही. आधी तुम्ही पळालात.

दहाव्याला सगळ्या भावकीसमोर आबा म्हणाले, "ज्ञानानं पट्टी चुकवली. एक रेघ खाली लावली. गोळी दगडाला न जाता खड्ड्यात गेली." तुम्ही नाही म्हणाला नाहीत. दुसऱ्या दिवशी तुमची बॅग घरात नव्हती.

मीही तेच धरून जगत आले. आजही तेच धरते, खोटं कशाला लिहू?

आता आबांनी एकच धोसरा लावलाय. रायफल पुन्हा माळावर न्यायची, पट्टी आहे तशीच ठेवायची आणि मारून बघायचं. "पट्टी खाली हाय हे एकदा कळूं द्या. मंग मी मोकळा," म्हणतात. पट्टी तुम्ही केली होती. तेव्हा तुम्ही हितं असायला पाहिजे, म्हणून हे पत्र.

रेश्मा

अंथुर्णे
१५ जानेवारी २०२५

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी दोन वाक्यं. "रायफल कालव्यात टाका. पट्टीला हात लावू नका." कालव्यातच टाकायची, तर मग पट्टीची काळजी कशाला, ते लिहिलं नाहीत.

कालव्यात टाकायला मी एका पायावर तयार आहे. पण ती घरात आल्यापासून आबांचं काय चाललंय ते तुम्ही बघितलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून ते रोज दिवस कलायला लागला की ओट्यावर माळाकडं तोंड करून बसतात आणि विचारतात, "फडकं हाललं का?" आधी आम्ही रडायचो, मग गप्प बसायला शिकलो. सूरज गेला तेव्हा छकुली माझ्या पोटात होती, हे तुम्हाला माहीत आहे की नाही कोण जाणे. ती बोलायला लागल्यापासून तिनंच उत्तर शोधलं. आबांनी विचारलं की ती खेळता खेळता म्हणते, "हाललं, आजोबा." मग ते उठून जेवायला येतात. पोरीला त्याचा अर्थ माहीत नाही. तिला वाटतं सगळ्यांचे आजोबा असंच विचारतात.

पण रायफल आल्यापासून तिच्या उत्तरानंही ते उठत नाहीत. "न्हाय हाललं. मला बनवतीस व्हय गं?" म्हणतात. ती कावरीबावरी होऊन माझ्याकडं बघते.

आणखी एक सांगते, हे कुणाला बोललेली नाही. परवा वैरण घेऊन येताना मलाही दिसलं. दगडाच्या जागी काहीतरी पांढरं वर आलं आणि खाली गेलं. बगळा असेल असं म्हणून मी चालायला लागले. त्या माळावर पाण्याचा थेंब नाही, बगळा कशाला जाईल?

काल संक्रांतीला विजयसिंह काका तिळगूळ द्यायला आले होते. आबा आणि ते जुने नेमबाज सोबती, काका फौजेत सुभेदार होते, तेव्हा हत्यार हातात घ्यायला ते कचरत नाहीत. त्यांनी पोतं सोडून रायफल उजेडात धरली आणि मला हाक मारली.

"रेश्मा, हितं ये. ह्यो लाल ठिपका कसला गं?"

पट्टीच्या स्क्रूवर लाल ठिपका होता. बघताच ओळखला. तो माझ्या नखपॉलिशचा ठिपका. त्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात, "वहिनी, तुमची ती बाटली द्या जरा. स्क्रू हालला तर कळायला पाहिजे." सूरज मागून हसत होता, "आता रायफलीला बांगड्या भरा." पट्टी सहाशेच्या रेघेवर लावून तुम्ही त्यावर थेंब सोडलात.

ठिपक्याला तडा गेलेला नाही. काकांनी भिंग लावून बघितलं. म्हणजे त्या दिवसापासून ती पट्टी कुणी हलवलेली नाही. तुम्ही लावली तशीच आहे.

"आता मारून बघितलंच पायजे," काका म्हणाले. "आबासाहेबासाठी न्हाय. माज्यासाठी." त्यांनी ठाण्यात जाऊन रीतसर परवानगी काढायचं बोलून ठेवलंय.

तुम्ही येणार नसाल तर निदान नाही म्हणून तरी कळवा.

रेश्मा

अंथुर्णे
९ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

तुम्ही कळवलं नाहीत. आम्ही मारून बघितलं.

सकाळी सकाळी माळावर गेलो. काका, आबा आणि मी. आत्याबाई छकुलीला घेऊन घरीच थांबल्या. दगडाला मी आदल्या दिवशी चुना फासून आले होते. इतक्या वर्षांत त्याच्याजवळ गेले नव्हते. खड्डा अजून तसाच आहे, काठावर कुसळी वाढलीय. मी आत बघितलं नाही.

काका घाई करत नाहीत. उकळतं पाणी ओतून त्यांनी नळी धुतली, पुसून कोरडी केली. आबा द्यायचे त्याच मापाची दारू, चरबी लावलेली शिशाची गोळी, गजानं ठासून बसवली, वर ठिणगी पाडणारी टोपी चढवली. मग वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून किती तरी वेळ नुसते बघत बसले. कालव्याकाठच्या उसाचे तुरे सगळे एका बाजूला झुकले होते. "वारं पडूं दे," म्हणाले. आबा मागं खुर्चीवर बसलेले, त्यांना दगड दिसतच नाही, पण मान पुढं काढून बसले होते. मी दुर्बीण धरली.

तुरे सरळ झाले. काकांनी चाप ओढला.

आवाज मी छातीत ऐकला. समोर पांढऱ्या धुराची भिंत उभी राहिली आणि दगड, माळ, सगळं गेलं. भाऊजी, त्या भिंतीमागं तुम्ही आणि आबा त्या दिवशी उभे होतात. मला इतके दिवस वाटायचं, ह्यांना दिसलं कसं नाही? काहीही दिसत नाही. धूर हळूहळू खाली बसत वाऱ्यावर सरकतो, आणि तोवर माणूस फक्त वाट बघू शकतो.

पहिली गोळी दगडाच्या उजवीकडं मातीत गेली. काका म्हणाले, धुतलेल्या नळीची पहिली गोळी धरायची नसते. पुढच्या चार गोळ्या दगडावर बसल्या. चुन्यावर काळे डाग पडले, मी दुर्बिणीतून बघितले. एकही खाली गेली नाही. खड्ड्यात तर नाहीच नाही.

तुमची पट्टी बरोबर होती. एक रेघ नाही, अर्धी रेघसुद्धा चुकलेली नव्हती.

मी काकांकडं बघितलं. त्यांनी रायफल खाली ठेवली होती, पण हात तिच्यावरून काढला नव्हता. मागून आबांनी विचारलं, "इजयसिंह, कुटं लागल्या?"

काका पोत्यावरची वाळू झटकत राहिले.

"आरं, कुटं लागल्या?"

"खाली," काका म्हणाले. "समद्या खाली, आबासाहेब."

आबांनी डोळे मिटले. "म्हनलो न्हवतो? म्हनलो न्हवतो मी?" असं दोनदा म्हणून ते रडायला लागले. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. दिवस कलताना ओट्यावर बसलेच नाहीत. छकुली वाट बघत बसली.

काकांना मी गाडीपाशी गाठलं. म्हटलं, तुम्ही खोटं का बोललात? ते म्हणाले, "पट्टी खरी, म्हंजी नेम चुकला. नेम कुनाचा हुता पोरी? म्हाताऱ्याला ह्ये मी कसं सांगू? ज्ञानेश तरुन हाय, त्यानं सोसलंय, आनखी सोसंल."

पण पट्टी बरोबर होती, आबांचा नेम एवढा खाली कधी गेला नव्हता, गोळी दगडावर जाते आणि खड्डा दगडाच्या पुष्कळ खाली आहे, तर मग सूरज कसा गेला?

रेश्मा

अंथुर्णे
१६ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

हे पत्र बसून वाचा.

मी काकांना म्हटलं, मला खड्ड्यात बसायचंय आणि तुम्ही मारायचं. त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, "येड लागलं का? मला दुसरं पाप लावतीस?" मी म्हटलं, तुमच्या गोळ्या कुठं जातात ते आपण बघितलंय. ते तीन दिवस फिरकले नाहीत. मग आले ते माणूस घेऊन. खड्डा खणून खोल करून घेतला, पुढच्या काठावर वाळूची पोती दोन थरांत रचली. समोरचं दिसायला पोत्यांमध्ये बोटभर फट तेवढी ठेवली. "मी सांगंन तवर उठायचं न्हाय. देवाची आन हाय," म्हणाले.

निघताना बघते तर आत्याबाई चपला घालून उभ्या. रायफल घरात आली म्हणून देव्हाऱ्यात न जाणारी बाई. म्हणाल्या, "तू एकली बसायची न्हाईस."

दोघी खड्ड्यात बसलो. मातीचा वास येत होता आणि वर चुन्याचा दगड. आबांना घरीच ठेवलं होतं. फटीतून लांबवर काकांची सावली मुंगीएवढी दिसत होती. बाकी काहीच आवाज नव्हता.

तुम्हाला आठवतं, तीनशेवरून मारताना मी चहा घेऊन यायची तेव्हा सूरज कसा करायचा? धूर दिसला रे दिसला की ताडकन उठून दगडाकडं तोंड फिरवायचा, डाग कुठं पडला ते बघायला. त्याला दम नसायचा. आबा कधी रागावले नाहीत, कारण तो उभा राहीपर्यंत गोळी कधीच दगडात बसलेली असायची. उठायचं ते धुरावर, असंच त्याच्या अंगात भिनलं होतं.

फटीतून मला धूर दिसला. कापसाचं बोंड फुटावं तसा, एकदम, आणि अजिबात आवाज न करता.

भाऊजी, माझे गुडघे आपोआप उचलले गेले. मला सगळं माहीत होतं, शपथ घेतली होती, तरी अंग म्हणालं, झालं, मारली, ऊठ. आवाज आलाच नव्हता. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर आत्याबाईंचा हात पडला. एवढ्या जोरानं की माझं तोंड मातीत गेलं. मग वर दगड वाजला, चुन्याच्या कपच्या आमच्या पाठीवर पडल्या, आणि दगडाबरोबरच तो आवाज आला.

सहाशेवरून धूर दिसतो तेव्हा गोळी अजून वाटेत असते. उठून उभं राहायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच वाट उरलेली असते.

आम्ही दोघी किती वेळ तशाच पडून होतो कोण जाणे. काका लांबून ओरडत पळत येत होते. आत्याबाईंचा हात माझ्या डोक्यावरच होता. त्या हळू म्हणाल्या, "आसंच उठलं आसंल माझं लेकरू. म्होरं बघायला उठलं आसंल."

तुमची पट्टी नाही. कुणाचीच पट्टी नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आज लांबून मारतोय, आज धुरावर उठू नको. कुणाच्या ध्यानातच आलं नाही, त्याच्याही नाही.

मी इतकी वर्षं तुमच्यावर धरलेलं आज सोडलं. ते सोडल्यावर हातात दुसरं काहीच नाही. तुम्ही हे कशावर धरून जगत आलात ते मला माहीत नाही.

रेश्मा

अंथुर्णे
२७ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

आबांना सांगितलं. मी नाही, आत्याबाईंनी.

मी आणि काका म्हणत होतो, राहू दे. म्हातारा जेवतोय, झोपतोय, आता किती दिवस राहिलेत त्यांचे. ज्ञानेश भाऊजींना खरं कळलंय, तेवढं पुरे. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. दुपारी ताट वाढलं, आबांपुढं ठेवलं, आणि स्वतः समोर बसल्या. त्या आबांसमोर कधी बसत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

"पट्टी खरी हुती," त्या म्हणाल्या. "ज्ञानानं काय बी चुकवलं न्हाय."

आबा हसले. "इजयसिंहानं बघितलंय. खाली लागल्या समद्या."

"त्यो खोटं बोलला. तुमचं हाल बघवंनात म्हनून. मी सवता खड्ड्यात बसून आले. गोळी दगडावरच जातीया."

"तुला कोन म्हनलं जायाला?"

"माझी दोन लेकरं हुती," आत्याबाई म्हणाल्या. "येक गेलं. दुसऱ्याला तुमी जिता आसून मेल्यावानी केलं, आन् मी गप बसले. आता न्हाय बसनार."

मग त्यांनी धुराचं सांगितलं. आबांना समजावून सांगावं लागलं नाही. उभा जन्म नेम धरलेला माणूस. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. ताटातली भाकरी मोडलेली तशीच होती.

मग म्हणाले, "म्हंजी माझा नेम बरूबर हुता."

आबांनी भाकरीचा तुकडा उचलून परत ताटात ठेवला.

"त्याला कुनी सांगितलं न्हाय व्हय? बसून ऱ्हा म्हनून?"

"तुमी सांगितलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाय."

त्यांनी ताटातच हात धुतला आणि उठले.

त्या दिवसापासून फडकं हाललं का म्हणून विचारत नाहीत. छकुली ओट्यावर त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन आपणच म्हणते, "हाललं, आजोबा." ते तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. रायफल आणि परवाना दोन्ही काकांनी ठाण्यात नेऊन जमा केलं. देव्हाऱ्याची खोली मोकळी झाली. आत्याबाई परत पूजा करायला लागल्या. मला वाटलं होतं, रायफल गेली की घर हलकं होईल. झालं नाही. आधी आम्हाला वाटायचं की माळावर कुणीतरी आहे. आता खरोखर असतं.

आबा रोज सकाळी काठी घेऊन माळावर जातात. खड्ड्याच्या काठावर, दगडाला पाठ लावून, घराकडं तोंड करून बसतात. मी दुपारी भाकरी घेऊन जाते. काल मी म्हटलं, आबा, ऊन लागंल, घरी चला. ते म्हणाले, "हितनं कसं दिसतं ते बघतूय." त्यांना तर काहीच दिसत नाही, भाऊजी. उजेड आणि सावली, एवढंच.

मग आपणहून म्हणाले, "ज्ञानाला लिव. म्हनावं, तुजी पट्टी खरी हुती. म्हनावं, भावकीत बोललो त्ये माघारी घेतो." आणि मलाच विचारलं, "माघारी येतं का गं त्ये?"

मी म्हटलं, लिहिते.

"आन् म्हनावं, ये. मी काय बोलनार न्हाय. नुसता ये."

तर लिहिलं. तुम्ही त्यांना माफ करा असं मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण या. आत्याबाईंसाठी या. छकुलीला एक काका आहे हे तिला आत्ताच कळलंय, आणि ती सारखी विचारते की तो कसा दिसतो. मला नीट सांगता येईना. तुमचा चेहरा म्हटलं की मला माळावर पळत जाणारी पाठच आठवते.

एसटी फाट्यावर सोडते, तिथून चालत याल तर कालव्याच्या कडेनं माळाचीच वाट लागेल. आबा तिथंच असतील. लांबून काहीतरी हलताना जाणवलं की त्यांचं सगळं अंग ताठ होतं, श्वास धरून ठेवतात. मी जाते तेव्हा कालव्यापासूनच त्यांना हाका मारत जाते.

तुम्हीही तसंच करा. तुम्ही दिसायच्या आधी तुमचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचू द्या.

रेश्मा